छपराच्या शोधात

मृग नक्षत्र लागले की शेतकरी ज्या आशेने आभाळाकडे पाहतो, त्याच्या नेमक्या उलट भावनेने आमचा पिकलबॉलचा, म्हणजे पॅडलने छिद्रांचा चेंडू जाळीपलीकडे टोलवण्याच्या खेळाचा, गट आभाळाकडे पाहू लागतो. पुण्यातील आमच्या सोसायटीचे कोर्ट उघड्यावर आहे. मे महिन्यापर्यंत तेथे सकाळी सहापासून टकटकाट सुरू असतो; जूनमध्ये मात्र वायपरने पाणी ओढता ओढताच खेळायची वेळ संपते. पाणी निघाले तरी मागच्या रेषेपाशी शेवाळाचा हिरवट पट्टा राहतोच, आणि साठीच्या गुडघ्यांना तेवढा पट्टा पुरतो.

म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही छप्पर शोधायला निघालो. काम सोपे वाटत होते, कारण 1965 साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर हा खेळ जन्मला तोच मुळी एका घरच्या बॅडमिंटन कोर्टावर, आणि त्यामुळे आजही पिकलबॉलचे कोर्ट 44 फूट लांब व 20 फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढेच असते. पुण्यात बॅडमिंटन हॉलांची काही वाण नाही. घोडे अडले ते जाळीपाशी. बेटावरही प्रथम जाळी बॅडमिंटनच्याच उंचीवर, पाच फुटांवर बांधलेली होती. चेंडू टप्पा घेऊन चांगला उसळतो हे लक्षात आल्यावर त्या मंडळींनी ती तीन फुटांवर उतरवली. आमच्याकडील पहिल्याच हॉलच्या व्यवस्थापकांनी या ऐतिहासिक घटनेची पुनरावृत्ती होऊ देण्यास साफ नकार दिला. “खाली तुम्ही घ्याल हो काका, पण सातच्या बॅचला परत वर कोण बांधून देणार?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या हॉलमध्ये अडचण आवाजाची निघाली. शेजारच्या कोर्टावरील एका गृहस्थांनी अत्यंत सभ्यपणे सांगितले, की तुमचा खेळ म्हणजे कोणीतरी सतत दार ठोठावत असल्यासारखा वाटतो. हे मला मनातून पटले, पण तेथे कबूल केले नाही. तिसरीकडे दुपारी दोनची वेळ मिळत होती. त्या वेळी पुण्यात काय करतात, हे निराळे सांगायला नको.

अखेर नगर रस्त्याला, शहर मागे पडल्यावर, एका जुन्या गोदामात तीन कोर्टे सापडली. जाळी कडेला 36 आणि मध्ये 34 इंच, अगदी नियमाप्रमाणे. पत्र्याचे छप्पर इतके उंच, की आमच्यातल्या सर्वांत हौशी लॉबलाही, म्हणजे उंच उडवलेल्या फटक्यालाही, ते लागू नये. चेंडूही तेथील वेगळा होता. उघड्यावरच्या आमच्या कडक चेंडूला वाऱ्याशी झुंजण्यासाठी 40 बारीक छिद्रे असतात; या मऊ चेंडूला 26 मोठी छिद्रे होती, आणि तो इतक्या निवांतपणे येत होता, की आमच्या रॅली अचानक दहा-बारा फटक्यांच्या होऊ लागल्या. आपला खेळ सुधारला, असा समज दोन दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. पत्र्यावरचा तो ताशा असा काही घुमला, की चेंडूचा आवाज तर सोडाच, पलीकडच्या भिडूचे ओरडणेही ऐकू येईना. दुहेरीत सर्व्हिसपूर्वी तीन आकडे पुकारावे लागतात, आणि डाव नेहमी ‘शून्य-शून्य-दोन’ने सुरू होतो. मी सर्व्हिसला उभा राहिलो, पॅडल काखेत धरले, एक मूठ दाखवली, पुन्हा मूठ दाखवली, मग दोन बोटे वर केली. पलीकडून अंगठा वर आला.