चार्जर लावलेला, पण चार्जिंग नाही

आज सुट्टीचा बराचसा वेळ लॅपटॉपच्या बॅटरीमागे गेला. चार्जर लावल्यावर लॅपटॉप व्यवस्थित चालत होता, पण बॅटरीचा आकडा ७ टक्क्यांवरून हलायला तयार नव्हता. तो ८० टक्क्यांवर अडकला असता, तर बॅटरीचे आयुष्य वाढवण्यासाठी ठेवलेल्या मर्यादेच्या सेटिंगवर संशय घेता आला असता. येथे तो प्रश्नच नव्हता. चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले, बॅटरीचा ड्रायव्हर काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तरी काडीचाही फरक पडला नाही. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला, तर मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता यांत फारसे अंतर नव्हते. म्हणजे दुरुस्तीवाले जी सर्वांत आधी बदलायला सांगतात, ती बॅटरी निर्दोष होती.

लॅपटॉप सुरू होताना मात्र चार्जरचा प्रकार ओळखता येत नसल्याचा संदेश येत होता. गोल तोंडाच्या अनेक चार्जरमध्ये मधोमध सुईसारखी बारीक पिन असते आणि आपण किती वॉटचे आहोत हे चार्जर तिच्यामार्फत लॅपटॉपला कळवतो. ही ओळख पटली नाही, तर लॅपटॉप चालण्यापुरती वीज घेतो, पण बॅटरी भरत नाही. टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर ती पिन एका बाजूला वाकून काळवंडली होती. शेजारच्या काकांचा त्याच प्रकारचा ६५ वॉटचा चार्जर लावताच आकडा चढू लागला. पिन चिमट्याने सरळ करण्याचा मोह झाला होता, परंतु ती तुटून लॅपटॉपच्या सॉकेटमध्ये अडकली तर खर्च कितीतरी वाढेल, म्हणून सरळ नवा चार्जर मागवला आहे.