करवंदं इकडची, हुर्राक तिकडचा

गोव्यात वाळपईला धाकट्या बहिणीकडे माझ्या हातचं करवंदाचा रस घातलेलं काजूच्या दारूचं, म्हणजे हुर्राकचं, पेय प्यालेली मंडळी एप्रिल लागला की बेळगावात मला रस्त्यात गाठतात. "काय हो, ते जांभळं प्रकरण इकडं कधी? आणि घालता काय त्यात?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

करवंदं घाटाच्या वरचीच हवीत. बेळगावहून चोर्ला घाटाकडं जाताना जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर बायका पानांच्या द्रोणात घेऊन बसतात. पूर्ण काळी झालेलीच घ्या. लालसर निघाली तर चीक जिभेवर बसतो. चार ग्लासांना पाव किलो पुरतात. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायची, निथळायची आणि हातानं कुस्करायची. मिक्सर नको! बिया फुटल्या की सगळं कडवट. मग पंचातून पिळून घ्यायचं. (पंचा जुना घ्या, डाग जात नाही. बहीण अजून ऐकवते.) या रसात चमचाभर गूळ आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड.

हुर्राक मात्र गोव्याचा. काजूची बोंडं तुडवून काढलेला रस आंबवला की भट्टीतून पहिल्या धारेला निघतो तो हुर्राक. पुढं पुन्हा भट्टी लावली की फेणी. फेणीपेक्षा हा बराच हलका, पण वास तसाच अंगावर येणारा. फेणी वर्षानुवर्षं ठेवा, हुर्राक पावसाच्या आत संपवायचा. गोव्यात यात लिंबाचं गोड सोडा-पेय घालतात. मला ते फार गोड होतं. मी दोन भाग हुर्राक, एक भाग करवंदाचा रस, अर्धं लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वर साधा सोडा घालतो. मिरची बुडवून विसरू नका. दुसऱ्या ग्लासाला ती आपलं काम करते.

आता इकडं का नाही? गोव्यातली दारू परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं गुन्हा आहे, आणि एका बाटलीपायी नाक्यावर हात जोडत उभं राहायची माझी तयारी नाही. बेळगावच्या घरी तोच रस सोड्यात देतो. पोरं दोन-दोन ग्लास पितात. आमचे काका पितात आणि ग्लासाच्या तळाशी बघत बसतात.

म्हणून दरवर्षी करवंदंच घाट उतरतात. परतताना नाक्यावर डिकी उघडायला लावतात. आत रिकामा डबा आणि जांभळा पंचा.