दिग्दर्शनाची शिकवणी, महिना चौथा: रविवारचं शूटिंग पाण्यात

गेल्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की सीन कागदावर पक्का आहे. बाप होडी विकायला निघालाय, मुलगा अडवतोय. जागा हर्णैचा किनारा, मागे सुवर्णदुर्ग, एकूण सात शॉट. बाप म्हणजे शेजारचे आबा, जन्मभर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. मुलगा माझा मावसभाऊ.

रविवारी बाराला मास्टर (दोघंही दिसतील असा अख्ख्या सीनचा लांबचा शॉट) घेतला, होडी कोरड्या वाळूत. मग जेवणं, मग संपलेली बॅटरी. क्लोजअपला हात घातला तेव्हा पाच वाजून गेले होते. घरी जोडून बघितलं तर एकाच भांडणात बाप वाळूत उभा आणि मुलगा घोटाभर पाण्यात. सावल्यांचं तर बोलायलाच नको.

भाऊंना दाखवलं. (नवीन वाचकांसाठी: भाऊ मुंबईत तीसेक वर्षं सिनेमात होते, आता दापोलीजवळ आंब्याची बाग बघतात.) त्यांनी एवढंच विचारलं, "तिथी कोणती होती रे?" अष्टमी. "मग कर की पाऊणपट!" तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशोब आजीकडून शंभरदा ऐकलाय. भांगाचं पाणी (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) असलं तरी आपल्या सपाट पुळणीवर ते केवढं आत येतं, हेही माहीत होतं. आबांना तर सगळंच ठाऊक. ते म्हणाले, "मला वाटलं, तुमच्यात असंच करतात."

दुसरी चूक एकशेऐंशी अंशांची: दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेघ कॅमेऱ्याने ओलांडायची नसते, मी ओलांडली. बाप उजवीकडे बघतो, मुलगाही उजवीकडेच. दोघं मिळून कुणा तिसऱ्याशी भांडतायत असं दिसतं. भाऊंनी वाळूत दोघांमधून काठीने रेघ ओढली आणि मला तिच्या एकाच बाजूला दहा मिनिटं चालायला लावलं. पुस्तकात वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते पायांना कळलं.

पण खरी शिकवणी वेगळीच. कॅमेरा घरी ठेवून दोन तास बंदरावरच्या लिलावात बसायचं आणि फक्त कोण कुठे बघतं ते टिपायचं. भाव तोडताना कुणीही समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. नजर मासळीवर, हात टोपलीच्या कडेवर. माझ्या सीनमध्ये मात्र दोघं नाटकातल्यासारखे समोरासमोर उभे! मग आबांच्या हातात फाटकं जाळं दिलं. ते विणता विणता बोलू लागले आणि "विकली मी" हे वाक्य त्यांनी वर न बघताच टाकलं. मी काही सुचवलंच नव्हतं. त्यानंतर चार वाक्यं कापली.

गुरुवारी अर्धी रजा टाकली. द्वादशी, पाऊणपट नऊ, म्हणजे नऊला भरती आणि सहा तासांनी, तीनच्या आसपास ओहोटी. दोन ते साडेचार पाणी लांबच राहिलं. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आणि फोनवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर, नाहीतर त्या उन्हात एवढं सावकाश शटर चालतच नाही. वाऱ्याने आवाजाची वाट लावली. संवाद होडीच्या आडोशाला बसून परत रेकॉर्ड केले.

आता एडिट. भाऊंनी आबांचा जाळ्यावरचा क्लोजअप तीनदा बघितला आणि म्हणाले, मास्टर काढून टाक. त्याच मास्टरसाठी मी रजा टाकली होती.