आगमनकाळाची सजावट : सुकलेले चक्र आणि बदललेला बेत

आगमनकाळ म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा वाट पाहण्याचा काळ. त्यासाठी वेदीजवळ मांडलेल्या, सदाहरित पानांच्या कड्यावर चार मेणबत्त्या असलेल्या ज्या चक्राचे मागील नोंदीत मी इतके सविस्तर वर्णन केले होते, त्याची पाने पहिल्या रविवारनंतरच्या आठवड्यातच कुरकुरीत होऊन गळू लागली आणि दुसरी मेणबत्ती पेटवण्यापूर्वी सगळी हिरवळ उतरवावी लागली. जळत्या वातीखाली वाळलेली पाने ठेवणे धोक्याचे असते, त्यामुळे येथे तडजोडीला जागा नव्हती.

हिरवळ ताजी कशी ठेवावी, या प्रश्नाने बाकीची सगळी सजावट मागे टाकली. फुलांच्या रचनेसाठी मिळणारा हिरवा फोम मला मुळीच पसंत नाही. एकदा कोरडा पडला की तो पुन्हा नीट पाणी शोषत नाही आणि त्याचा चुरा कुजत नाही. त्यापेक्षा जाळीत गुंडाळलेले ओले शेवाळ कितीतरी बरे, पण त्यातील ओल रोज पाहावी लागते. कृत्रिम पानांचा आग्रह पुन्हा एकदा झाला. माझा त्याला ठाम विरोध आहे. चक्रातील सदाहरित पाने अनंत जीवनाची खूण म्हणून ठेवली जातात, आणि जी पाने कधी जगलीच नाहीत त्यांनी ही साक्ष देणे मला पटत नाही.

हिरवळ उतरवल्यानंतर वेदीजवळ केवळ उघडे कडे आणि चार मेणबत्त्या उरल्या, तेव्हा वाटले की आगमनकाळाचा आरंभ असाच दिसायला हवा. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 11व्या अध्यायात इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या पित्याच्या, तोडलेल्या बुंध्याला धुमारा फुटेल असे अभिवचन आहे. आपण मात्र पहिल्याच रविवारी पूर्ण बहरलेले चक्र मांडतो आणि वाट पाहण्यासाठी काही शिल्लक ठेवत नाही. म्हणून पहिल्या रविवारी वेलींचे उघडे कडे ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला ताजी हिरवळ वाढवत, जुनी सुकण्यापूर्वी काढत जावे, असा नवा बेत आहे. फांद्या रात्रभर पाण्यात बुडवून आणि देठ तिरके कापून लावल्यास त्या आठवडाभर ताज्या राहतील अशी अपेक्षा ठेवता येते.

उघडे कडे पाहून भाविकांना तयारी अपुरी वाटेल, ही शंका रास्त आहे. परंतु कॅथलिक उपासनेच्या (मिस्साच्या) अधिकृत ग्रंथाच्या, म्हणजे रोमन मिस्सा ग्रंथाच्या, सर्वसाधारण सूचनांतील 305वा परिच्छेद आगमनकाळात वेदीवरील फुलांची सजावट या काळाला शोभेल इतकी मोजकी असावी आणि नाताळाचा पूर्ण आनंद तिने आधीच व्यक्त करू नये, असेच सांगतो. याच काळातील रविवारच्या मिस्सात ‘ग्लोरिया’ हे आनंदाचे गौरवगीतही म्हटले जात नाही. मग डोळ्यांनाही तेवढा उपवास घडावा. 1839 साली हॅम्बुर्गजवळ योहान हिनरिक विखर्न या जर्मन धर्मोपदेशकांनी मुलांसाठी लाकडी चाकावर रविवारच्या मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या, तेव्हाही त्या चाकावर दिवसागणिक वाढत जाणारा प्रकाशच महत्त्वाचा होता.

तिसऱ्या रविवारच्या गुलाबी मेणबत्तीचे काम मात्र मनासारखे जमले; बाकीच्या तीन जांभळ्या असतात. पुरवठादारांकडून येणारी छटा फार भडक असते आणि जांभळ्याशेजारी ती परकी दिसते, म्हणून पांढरी मेणबत्ती रंगीत मेणात बुडवून वरचा थर दिला. रंग मेणात विरघळणाराच घ्यावा. साध्या रंगाचे कण वातीत अडकून ज्योत मंदावते. आता ती छटा जांभळ्यातूनच उजळून आल्यासारखी दिसते, आणि त्या रविवारचा आनंदही तसाच, प्रायश्चित्ताच्या आतून उमटणारा असतो. मेणबत्त्यांची उंची सारखी करण्यासाठी पहिली बदलण्याची प्रथा मी पाळत नाही. सर्वांत अधिक जळलेली मेणबत्ती किती वाट पाहिली हे सांगत असते.

हे लिहीत असतानाच आणखी एक गोष्ट सुचली. चौथ्या रविवारची हिरवळ एकदम न लावता 17 ते 23 डिसेंबर या काळात रोज एकच फांदी वाढवावी, कारण त्या सात संध्याकाळी म्हटल्या जाणाऱ्या प्राचीन प्रतिवाक्यांत (स्तोत्राच्या आधी-नंतर म्हटल्या जाणाऱ्या छोट्या ओळींत) येणाऱ्या प्रभूला दररोज नव्या नावाने हाक मारली जाते आणि 19 तारखेचे नाव आहे ‘इशायाचे मूळ’. त्या दिवशीची फांदी कोवळ्या धुमाऱ्याची हवी. तसे झाल्यास चक्राचा वरचा भाग सात फांद्यांसाठी मोकळा राखावा लागेल आणि मेणबत्त्यांच्या बैठका बाहेरच्या कडेला सरकवाव्या लागतील. ज्यांनी वेलींच्या कड्यावर धातूच्या बैठका घट्ट बसवल्या आहेत, त्यांनी बांधणीची पद्धत अवश्य कळवावी. तारेने बांधलेल्या बैठका माझ्याकडे अजून डुलतात.