करवतकाठीचं जाकीट: कात्रीआधी मागापाशी जाताना

साडी कापून जाकीट शिवून द्या, अशी मागणी घेऊन बायका माझ्याकडे येतात. आजीची करवतकाठी घडीवर विरली असेल तर मी आनंदाने कात्री लावते. पेटीत कुजण्यापेक्षा कुणाच्या अंगावर राहिलेलं बरं. पण अलीकडे लोक कोरी साडी विकत घेऊन आणतात आणि नुसता काठ वापरायला सांगतात. काठ गळ्याला आणि बाह्यांना लागतो, पदराचा तुकडा पाठीवर येतो आणि मधलं तसर, म्हणजे रानातल्या किड्यांचं रेशीम, चिंध्यांच्या पोत्यात जातं. विणकराने दिवसचे दिवस घालून विणलेलं कापड असं संपवायचं आणि वर त्याला पर्यावरणपूरक फॅशन म्हणायचं, हे मला सहन होईना. म्हणून ठरवलं की जाकिटाचं कापड जाकिटासाठीच विणून घ्यायचं.

ज्यांनी करवतकाठी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे आपल्या विदर्भाचं कापड आहे, भौगोलिक मानांकन मिळालेलं. अंग तसरचं, काठ बहुधा सुती, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे करवतीसारखे दाते. रामटेकच्या देवळावरून हा काठ सुचला असं म्हणतात. मला त्याहून मोठी वाटते ती विणण्याची रीत. एकाच ओळीत तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारी साधनं, चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा धागा आणि अंगाचा धागा प्रत्येक ओळीत एकमेकांत अडकवायचा असतो, म्हणून काठाचा रंग अंगात उतरत नाही आणि दाते स्वच्छ उमटतात. छापलेल्या किंवा यंत्रमागाच्या नकलेत हा अडकवलेला सांधा दिसत नाही. कापड उलटं करून पाहिलं की फरक लगेच कळतो.

नागपुरात शोधायला सुरुवात केली ती पाचपावली आणि तांडापेठेतून. ही कोष्टी विणकरांची जुनी वस्ती. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली याच शहरात सुरू झाली. आधी गिरणीचं आणि नंतर यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं आणि घराघरातले हातमाग उठत गेले. आता एखाद्या बोळात मागाचा आवाज आला तर माणूस थबकतो. मला हवे होते तसर विणणारे हात. विचारत विचारत मी भंडारा ओलांडून मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला पोचले.

तिथल्या विणकर काकांपुढे मी कागदी बेतणी पसरली तेव्हा त्यांनी आधी कागद बाजूला सारला आणि विचारलं, "ताई, काठ तं दोन्ही बाजूला असते. तुमी तो कापून पुन्हा जोडून काऊन राहिल्या?" या एका प्रश्नाने माझं सगळं काम बदललं. मागावरचं कापड साधारण शेहेचाळीस-अठ्ठेचाळीस इंच रुंद असतं. मध्यम बांध्याच्या माणसाच्या छातीभोवती तेवढी रुंदी पुरते. म्हणजे कापड आडवं न धरता जसं विणलं तसंच उभं अंगाभोवती घ्यायचं: डावा काठ पुढच्या डाव्या कडेला, उजवा उजव्या कडेला, मध्ये पाठ. बाजूची शिवण नाही. पुढच्या कडा म्हणजे मागाची किनार, ती उसवत नाही, म्हणून दुमडायचीही गरज नाही. बंडीसारखी लांबी ठेवली तर साडीच्या साडेपाच मीटरमध्ये आठ जाकिटं बसतात. गळा आणि बगल एवढंच कापलं जातं. त्या तुकड्यांची मी खिशाची झाकणं आणि कापडी गुंड्या करते.

काठाची रुंदी मात्र मी बदलली नाही, जरी एक बोट कमी असती तर मला जास्त आवडली असती. कारण साधं आहे. धाग्यांची मांडणी तीच असेल तर नवा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, जुन्या ताण्याच्या टोकांना एकेक धागा गाठवून पुढे ओढता येतो. काठ बदलला की प्रत्येक धागा वईतून (उभे धागे वर-खाली करणारा भाग) आणि फणीतून (धाग्यांतलं अंतर राखणारी) नव्याने ओवावा लागतो आणि तेवढे दिवस माग रिकामा. माझ्या आवडीसाठी त्यांची रोजी बुडवणं मला योग्य वाटलं नाही. दोन-तीन मीटर कापड कुणी विणून देत नाही, तेही याचमुळे. ऑर्डर द्यायची तर अख्ख्या ताण्याची द्यावी.

पैशाचं बोलणं मी मुद्दाम काकूंसमोर केलं. साडीचा दर नगावर ठरतो आणि तो धोटा चालवणाऱ्याचा मानला जातो. कांड्या (धोट्यातल्या सुताच्या नळ्या) भरणं, सूत उकलणं, ताण्याला हात लावणं हे घरातल्या बायका करतात आणि त्याचा वेगळा हिशेब कुणी ठेवत नाही. मी मीटरचा दर ठरवला आणि कांड्यांची मजुरी वेगळी धरली. ती काकूंच्या हातात जाते. लोककला जपायची म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी हा हिशेब मांडून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

तसरचा रंग मी तसाच ठेवला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर तसरच्या किड्यांचं संगोपन होतं. पिढ्यान् पिढ्या ते करणारी बरीच कुटुंबं ढिवर समाजाची आहेत. त्या धाग्याचा मधासारखा रंग असताना त्यावर दुसरा रंग चढवायचा कशाला? पूर्वी कोषाचा धागा बायका उघड्या मांडीवर वळून काढत. त्याने कातडी सोलवटायची. आता केंद्रीय रेशीम मंडळाच्या 'बुनियाद' यंत्रावर तो निघतो आणि मी तसाच धागा मागते.

रंगाची परीक्षा काठाच्या सुतासाठी घेतली. फाल्गुनात नागपूरच्या आजूबाजूला पळस पेटलेला असतो, त्यामुळे पहिला जीव त्याच्यावर गेला. तुरटी लावून रंगवलेली सुताची लड अतिशय सुंदर पिवळी झाली. पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून गच्चीवर ठेवली. आपल्या मे महिन्याच्या उन्हात उघडा अर्धा भाग पार विटला. पळस होळीसाठी ठीक आहे, रोज घालायच्या कपड्याला नाही. मंजिष्ठेचा लाल आणि हिरड्यावर लोखंडाचं पाणी देऊन आलेला काळसर राखाडी हे दोन्ही उन्हात टिकले. काठासाठी तेच घेतले. लोखंड जपून वापरावं, जास्त झालं की सूत कडक होऊन तुटतं.

शिवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, सुती काठ आणि तसरचं अंग धुतल्यावर सारखं आटत नाही, म्हणून काठाजवळ चुण्या पडतात. कापड आधी पाण्यातून काढून, सावलीत वाळवून, मगच बेतावं. दुसरी, तसरचा धागा गुळगुळीत, त्यामुळे शिवणीवर ताण आला की धागे सरकतात आणि टाक्याशेजारी फट दिसते. नमुन्याच्या जाकिटात खांद्यावर हे दिसलं. तेव्हापासून खांद्याची शिवण दुहेरी घेते, आत मऊ सुती अस्तर देते आणि बेत सैल ठेवते. अंगाला घट्ट बसणारा कपडा तसरमध्ये मी शिवत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी. धुण्याची चिठ्ठी सोबत असते: रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण, पिळायचं नाही, धुण्याचा सोडा तर नाहीच. सोड्याने रेशीम खराब होतं.

लग्नसराईच्या साड्यांच्या दिवसांत मी काकांना ऑर्डर देत नाही. नऊवारी आणि सहावारी हीच त्यांच्या घराची खरी कमाई आहे आणि जाकिटाने ती मागे सारली तर मी कसलंच जतन केलेलं नाही. माग मोकळा असतो तेव्हा माझा ताणा लागतो. सध्या अडचण मोठ्या मापांची आहे, कारण कापड मागाच्या रुंदीपलीकडे जात नाही. बगलेखाली त्याच तसरची उभी कळी, म्हणजे जोडपट्टी, घालून पाहिली, जाकीट चांगलं बसलं. आता पुढच्या ताण्यात कळ्यांसाठी बिनकाठाचं तसर आणखी किती लागेल, याचा हिशेब काका आणि मी मिळून करतो आहोत.