तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी माणसं, एवढी कामं कशी सांभाळता?

घरं-जागांच्या खरेदी-विक्रीच्या कामात नव्यानं आलेले लोक मला हा प्रश्न हमखास विचारतात. एवढे ग्राहक, एवढ्या जागा, प्रत्येक व्यवहाराची वेगळी कागदपत्रं. हे सगळं ध्यानात कसं राहतं? कोणतं सॉफ्टवेअर वापरता? आणि लगेच पुढचा प्रश्न: वही आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरत नाही का?

सॉफ्टवेअरचं नाव सांगून भागलं असतं तर एका ओळीत सांगितलं असतं. पण माणसाचं नाव किंवा नंबर न सापडणं ही या धंद्यातली अडचण नाहीच, ते फोनमध्ये असतंच. अडचण येते ती आपण त्याला काय म्हणालो होतो आणि कधीपर्यंत करतो म्हणालो होतो, ते हरवल्यामुळे. ‘वकिलांना विचारून गुरुवारी सांगते’ असं आपण चालता चालता बोलून जातो. समोरचा मात्र त्या गुरुवारची वाट बघत बसतो. घर घेणं ही बहुतेकांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी. त्याच्याकडे तो एकच व्यवहार आहे, आपल्याकडे असे अनेक. आपल्या बाजूनं हा फरक त्याला जाणवू न देणं, यासाठी मी सॉफ्टवेअर वापरते. बाकीचे फायदे त्यानंतरचे.

हा विचार काही माझा शोध नव्हे. १९८७ मध्ये पॅट सलिव्हन आणि माइक म्यूनी या दोन अमेरिकनांनी ‘अ‍ॅक्ट!’ नावाचा प्रोग्राम बाजारात आणला. कॉन्टॅक्ट मॅनेजमेंट, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर, या प्रकाराची सुरुवात साधारण तिथून धरतात. त्याआधी सेल्समनच्या टेबलावर फिरत्या कार्डांचा रोलोडेक्स असे, शेजारी कॅलेंडर आणि खिशात टिपणवही. या प्रोग्रामनं तिन्ही एका जागी आणलं: माणूस, त्याच्याशी झालेलं बोलणं आणि पुढचं काम. १९९९ मध्ये सेल्सफोर्स ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू झाली आणि हेच काम ब्राउझरमध्ये आलं. आता त्यावर आलेख, अहवाल, आपोआप जाणारे संदेश असं बरंच काही चढलंय. यातलं पुष्कळसं, कोणी किती फोन केले हे साहेबांना दिसावं म्हणून असतं. एकट्यानं किंवा दोन-तीन जणांत काम करणाऱ्यानं त्या तिघांपलीकडे फारसं काही मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वहीबद्दल. वही वाईट नाही, पण एका प्रकारच्या गुंत्यापुढे ती हात टेकते आणि एक्सेलसुद्धा टेकतं. आपल्या व्यवहारात माणूस, जागा आणि सौदा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच बाईंना स्वतःची जागा विकायचीय, दुसरी घ्यायचीय आणि मध्यंतरी भाड्यानं राहायचंय. माणूस एक, सौदे तीन. उलट एका जागेला चार जण बघून गेलेत आणि त्यातल्या दोघांची मुलंही निर्णयात आहेत. वहीत हे सगळं तारखेप्रमाणे लिहिलं जातं, एक्सेलमध्ये दर चौकशीला नवी ओळ पडते, आणि त्याच बाई तीनदा तीन स्पेलिंगांनी दिसू लागतात. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी सगळ्यात आधी बघते की या तिघांची नोंद वेगवेगळी ठेवून ती एकमेकांना जोडता येते का. जागेच्या नोंदीवरून ती कोणी कोणी पाहिली हे एका टिचकीत कळलं पाहिजे. मालकानं किंमत उतरवली की तासाभरात कोणाला फोन करायचे, ती यादी तिथूनच येते.

नवरा-बायकोची मिळून एकच नोंद करू नका. दोन नोंदी करा आणि जोडा. पुष्कळदा सौदा अडतो तो अशा माणसापाशी, ज्याचा नंबर आपण घेतलेलाच नसतो. नंबर नेहमी देशाच्या कोडसकट लिहा; परदेशातला ग्राहक असला तर उपयोग होतोच, शिवाय एकच माणूस दोनदा आला तर सॉफ्टवेअरला तो नंबरावरून ओळखता येतो. नावांचा भरवसा नसतो.

माझ्याकडे एक नियम आहे आणि तो मी मोडत नाही. चालू असलेल्या कुठल्याही नोंदीत ‘पुढचं काम’ आणि त्याची तारीख रिकामी राहायची नाही. फोन ठेवला की पुढचं पाऊल लिहायचं, मगच दुसरा फोन. पाऊल काहीच नसेल तर नोंद जाणूनबुजून बंद करायची आणि का बंद केली ते एका वाक्यात लिहायचं. अर्धवट लटकलेली नोंद ही सगळ्यात धोक्याची. ती यादीत दिसते, म्हणून आपल्याला वाटतं की लक्ष आहे. प्रत्यक्षात तिला कोणी वाली नसतो.

काम लिहितानाही ‘फॉलो-अप’ असं लिहू नका. तीन आठवड्यांनी तो शब्द वाचून कशासाठी फोन करायचा होता ते आठवत नाही आणि मग आपण ‘काय ठरलं मग?’ असा फोन करतो, जो कोणालाच आवडत नाही. ‘बँकेनं मागितलेली मागची साखळी कागदपत्रं (आधीच्या मालकांच्या व्यवहारांची) मालकाकडून आली का, विचारणे’ असं लिहा. यामागं मानसशास्त्रही आहे. अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतं, हे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये त्याला एक महत्त्वाची जोड दिली: काम पूर्ण झालं नसलं तरी ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, की मनातला त्याचा त्रास बराच ओसरतो. ‘कधी’ आणि ‘कसं’ दोन्ही. नुसत्या तारखेनं भागत नाही.

बरीचशी कामं आपल्या हातातही नसतात. वकील, बँकेचा अधिकारी, मूल्यांकन करणारा, समोरच्या पार्टीचा एजंट यांच्याकडून काहीतरी यायचं असतं. अशा कामांना मी वेगळी खूण करते: कोणाकडे अडलंय, त्यांनी कधीचा शब्द दिलाय आणि मी कधी विचारणार. आणि ग्राहकाला त्या दिवशी कळवायचं, उत्तर आलेलं नसलं तरी. ‘अजून आलेलं नाही, परवा सकाळी पुन्हा विचारते’ एवढं सांगितलं तरी माणूस निवांत होतो. न सांगितलं तर तो गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्यातच विश्वास झिजतो. हे आपल्याला फार उशिरा कळतं.

सौदा ठरल्यावर तर तारखांचं राज्य सुरू होतं. कर्जमंजुरीची मुदत, कागदपत्रांची तपासणी, करार, नोंदणी, उरलेली रक्कम, ताबा. ही कामं दर वेळी जवळपास तीच असतात, म्हणून त्यांचा एक साचा करून ठेवावा. पण तारखा ताब्याच्या दिवसापासून मागं मोजून लावलेल्या असाव्यात: ताब्याच्या आधी इतके दिवस हे, इतके दिवस ते. ताबा पुढं गेला की सगळी माळ आपोआप पुढं सरकली पाहिजे. काही सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तारीख हातानं बदलावी लागते. तिथं दुसऱ्यांदा तारीख बदलली की माणूस कंटाळतो, आणि जुन्या तारखांनी लाल झालेल्या यादीकडे बघणंच सोडून देतो. विकत घेण्याआधी हे करून बघा.

एक तारीख मात्र आपोआप सरकता कामा नये. करारात लिहिलेली मुदत ही करारातलीच राहते. ती बदलायची तर दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीनं. तिची आठवण मी साच्याबाहेर, वेगळी लावते.

टिपणांवर मी सगळ्यात जास्त जीव लावते. ग्राहक काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत लिहावं, आपला निष्कर्ष नव्हे. ‘बजेट कमी’ हा माझा निष्कर्ष झाला. ‘हप्ता आत्ताच्या भाड्याच्या वर जायला नको’ हे तो म्हणाला. या दुसऱ्या वाक्यावरून मला कर्जाची मुदत वाढवण्याचा, थोडी जुनी जागा बघण्याचा मार्ग सुचू शकतो. पहिल्यावरून काहीच सुचत नाही. आणि जागा नाकारली तर का नाकारली, हे तर अवश्य लिहा. आवडलेल्या जागांपेक्षा नाकारलेल्या जागा माणसाबद्दल जास्त सांगतात. ‘जिना अरुंद आहे, आईला चढता येणार नाही’ हे एकदा कळल्यावर पुन्हा तसला जिना दाखवणं म्हणजे आपण ऐकलंच नव्हतं असं त्याला सांगणं. साइटवरून निघताना, गाडी सुरू करायच्या आधी बोलून किंवा टाइप करून ठेवा. संध्याकाळपर्यंत तीन घरांतले जिने एकमेकांत मिसळलेले असतात.

काय लिहू नये, हेही तितकंच मोलाचं. आजार, घरातलं भांडण, धर्म, जात, कोणाबद्दलचं मत, हे टिपणात नको. आईला जिना चढवत नाही ही घराची गरज झाली; आईचा आजार कोणता, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपच्या जीडीपीआर कायद्यानं, आपल्याबद्दल काय माहिती ठेवलीय ते मागून बघण्याचा हक्क माणसाला दिला. अमेरिकेत १९६८ पासून घर देता-घेताना वंश किंवा धर्म बघून भेदभाव करायला कायद्यानं बंदी आहे, आणि दावा झाला तर एखादं टिपण पुरावा ठरू शकतं. पण मला कायद्याआधीची कसोटी जवळची वाटते: हे टिपण त्या माणसाशेजारी बसून त्याला मोठ्यानं वाचून दाखवता येईल का? येत नसेल तर पुसून टाका. लोक घर शोधताना आपल्यापुढे आपला संसार उघडा करतात. त्यातलं घरासाठी लागेल तेवढंच घ्यावं.

नव्या चौकशीला किती लवकर उत्तर द्यावं, हेही विचारतात. २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ऑनलाइन चौकशीला तासाभरात संपर्क करणाऱ्या कंपन्यांना, त्याहून एक तास उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत, निर्णय घेणाऱ्या माणसाशी अर्थपूर्ण बोलणं होण्याची शक्यता जवळपास सातपट होती. म्हणून चौकशी आल्याबरोबर फोनवर सूचना यावी एवढं सॉफ्टवेअरकडून करून घ्या. मात्र ‘आपली चौकशी मिळाली, धन्यवाद’ असा आपोआप गेलेला संदेश मी उत्तर मानत नाही. त्यानं विचारलेल्या जागेबद्दल एक खरी गोष्ट आणि त्याला एक खरा प्रश्न, हे माणसानंच लिहावं. सगळ्यांना एकच जाहिरात पाठवणं तर मी टाळतेच. ज्याला दोन खोल्यांची जागा हवी त्याला दुकानाचा गाळा कळवून काय मिळणार?

ताबा दिल्यावर नोंद बंद करू नका. महिन्याभरानं एक फोन: पाणी, वीज, नावावर करायची कामं झाली का? नंतर वर्षाकाठी एकदोनदा, विक्रीचा विषय न काढता. घेणारा कधीतरी विकणारा होतो, आणि त्याच्या आधी तो आपलं नाव कोणाला तरी सांगतो. ते नाव कोणी कोणाला सांगितलं, याची जोडही नोंदीत ठेवा आणि सांगणाऱ्याचे आभार माना. हा रकाना फार कमी लोक भरतात.

राहिला पहिला प्रश्न, कोणतं घ्यावं. उभ्या उभ्या, एका हातानं, नेटवर्क नसलेल्या तळघरातही टिपण घेता येईल असं घ्या. आणि चाचणीच्या काळातच सगळी माहिती बाहेर काढून बघा. नाव, नंबर, ईमेल सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता) बहुतेक सगळे देतात. टिपणं आणि झालेल्या बोलण्याचा इतिहास त्यात येतो का, तिथं खरी परीक्षा आहे. एखाद्या फर्मसाठी काम करत असाल तर सोडताना ही यादी कोणाची, हे रुजू होतानाच लेखी विचारून घ्या.

सुरुवात करताना फोनमधले सगळे नंबर एकदम आत ओतू नका. त्यात गॅसवाला, शाळेतले मित्र, कधीच न भेटलेले लोक सगळे येतात आणि पहिल्याच दिवशी यादी परकी होते. आज चालू असलेले सौदे तेवढे घ्या, त्यांतली माणसं आणि जागा जोडा, प्रत्येकासमोर पुढचं काम आणि तारीख लिहा. जुनी माणसं फोन करतील तसतशी आत येऊ द्या. आठवड्यातून एकदा, ‘पुढची तारीख रिकामी’ असा फिल्टर लावून यादी उघडा आणि तिच्यात दिसेल त्या प्रत्येकाला त्याच दिवशी फोन करा.