खिशातून झालेली खरेदी आणि ४८ तासांचं घड्याळ

फोन खिशात असताना चुकून कुणाला तरी लागतो आणि पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. गाडीच्या अ‍ॅपमधून खिशातल्या खिशात खरेदी होते, तेव्हा पलीकडे हॅलो म्हणायलाही कुणी नसतं. थेट बँकेचा मेसेज येतो.

टेस्लाच्या बाबतीत हा मेसेज चांगलाच महाग पडू शकतो. फुल सेल्फ-ड्रायव्हिंग, म्हणजे एफएसडी, या चालकाच्या देखरेखीखाली गाडी चालवणाऱ्या सॉफ्टवेअर पॅकेजची अमेरिकेतली किंमत सप्टेंबर २०२२ मध्ये १५,००० डॉलरपर्यंत चढली होती, एप्रिल २०२४ मध्ये ती ८,००० वर आली. फेब्रुवारी २०२६ पासून तिथे ते एकरकमी विकत मिळत नाही, फक्त वर्गणीने मिळतं. मॉडेल ३ चा वेग वाढवणारा अ‍ॅक्सलरेशन बूस्ट २०१९ च्या अखेरीस २,००० डॉलरला आला. गाडीत एकही नवा नट-बोल्ट न बसवता ० ते ६० मैलांचा वेळ ४.४ सेकंदांवरून ३.९ वर येतो, फक्त सॉफ्टवेअरमधलं कुलूप उघडून. म्हणूनच ही खरेदी इतकी सोपी असते. गॅरेजला जायचं नाही, मेकॅनिकला भेटायचं नाही, कुणी ‘नक्की ना?’ विचारणार नाही. सुपरचार्जिंगसाठी, म्हणजे टेस्लाच्या केंद्रांवर गाडी चार्ज करायला म्हणून अ‍ॅपमध्ये कार्ड आधीच भरलेलं असतं, तेच कार्ड इथे कामाला येतं. फोन अनलॉक, अ‍ॅप उघडं, आणि चार चुकीचे स्पर्श. मुलाच्या हातात फोन असेल तर चारही लागत नाहीत.

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत अशा तक्रारी बऱ्याच गाजल्या. तोवर खरेदीच्या पडद्यावर ‘अपग्रेड परत घेतला जाणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य असायचं. बोभाटा झाल्यावर कंपनीने ४८ तासांत परतावा मागण्याची सोय दिली. पुढचं सगळं या ४८ तासांभोवती फिरतं, आणि त्यातला मोलाचा वेळ चुकीच्या दारात जाऊ शकतो.

ते चुकीचं दार म्हणजे अ‍ॅप स्टोअर. ‘इन-अ‍ॅप पर्चेस’ हा शब्द ऐकला की माणूस सरळ अ‍ॅपलच्या किंवा गुगलच्या परतावा पानावर जातो, तिथे यादीत खरेदी सापडत नाही, मग तो ती सापडेपर्यंत शोधत राहतो. ती सापडणारच नाही. अ‍ॅपच्या बाहेर वापरल्या जाणाऱ्या वस्तू आणि सेवा, म्हणजे टॅक्सीची फेरी, जेवणाची ऑर्डर, गाडीचा अपग्रेड, यांचे पैसे स्टोअरच्या गल्ल्यातून जात नाहीत. अ‍ॅपलच्या नियमांतच तसं आहे. पैसे तुमच्या कार्डावरून थेट गाडीच्या कंपनीकडे जातात, आणि परत फक्त तीच देऊ शकते.

यातूनच दुसरा गैरसमज निघतो, आणि तो जास्त घातक आहे. मुलांमुळे अनेकांनी आयफोनच्या स्क्रीन टाइममध्ये इन-अ‍ॅप पर्चेस बंद करून ठेवलेलं असतं आणि ते निर्धास्त असतात. ते बटण फक्त स्टोअरमधून होणारी खरेदी अडवतं. गेममधली नाणी अडतील, गाडीचा हजारो डॉलरचा अपग्रेड अडणार नाही.

आता मेसेज आल्यावर काय करायचं ते.

आधी स्क्रीनशॉट. बँकेचा मेसेज, ईमेलवर आलेली पावती, अ‍ॅपमधला ऑर्डर क्रमांक, आणि प्रत्येकावर वेळ दिसायला हवी. घड्याळ खरेदीच्या क्षणापासून चालू होतं, तुमच्या लक्षात आल्यापासून नाही. शुक्रवारी रात्री झालेली खरेदी सोमवारी सकाळी बघितली तर खेळ संपलेला असतो, म्हणून कार्डाचे मेसेज म्यूट करून ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मग अ‍ॅपच्या मेनूतून खात्यात जा, तिथे ऑर्डर किंवा खरेदीचा इतिहास मिळतो. तो अपग्रेड उघडा आणि परताव्याची विनंती करा. पडद्यांची मांडणी अधूनमधून बदलते, पण वाट खात्यातूनच जाते, गाडीच्या पानावरून नाही. अपग्रेडच्या दुकानवजा पानावर परत जाऊन शोधाशोध करू नका, तिथे फक्त विकायचं काम चालतं (आणि घाबरलेल्या बोटांनी तिथे दुसरी खरेदीही होऊ शकते). बटण दिसत नसेल तर आधी अ‍ॅप अपडेट करा, तरी नाही दिसलं तर कंपनीच्या वेबसाइटवर त्याच खात्याने लॉगिन करा. दोन्हीकडे नसेल तर सपोर्टला लेखी मेसेज टाका. फोन नंतर, लेखी आधी. ४८ तासांच्या आत मागणी केली होती याचा पुरावा फोनने राहत नाही.

विनंती केल्यावर जो पुष्टीचा ईमेल येतो, तो आला का हे बघा. ‘मी बटण दाबलं होतं’ आणि ‘विनंती नोंदली गेली’ यांत फरक आहे, आणि नेटवर्क नसलेल्या पार्किंगमध्ये तो फरक मोठा होतो.

घरात दोन गाड्या असतील तर कुठल्या गाडीवर खरेदी झाली ते नीट पाहा. असा अपग्रेड माणसाला नाही, गाडीला चिकटतो, तिच्या व्हीआयएन क्रमांकाला, म्हणजे प्रत्येक गाडीच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाला. काही वेळा खरेदी मुद्दाम केलेली असते, पण अ‍ॅपमध्ये दुसरीच गाडी निवडलेली असते. तेव्हा ‘या गाडीवरून त्या गाडीवर करा’ अशी विनंती करण्यात वेळ घालवू नका. सरळ परतावा मागा, तो नोंदला गेल्यावर हव्या त्या गाडीवर नव्याने घ्या.

दरम्यान ती सोय वापरू नका. ‘आलंच आहे तर एक चक्कर मारून बघू’ हा मोह समजण्यासारखा आहे, पण मुदत हुकल्यावर सपोर्टच्या माणसाला पटवायची वेळ आली तर ‘एकदाही चालू केलेलं नाही’ हे तुमचं सगळ्यात भक्कम वाक्य असतं. ते खरं राहू द्या.

आणि कार्ड ब्लॉक करू नका. घाबरून पहिला हात तिकडेच जातो. परतावा ज्या कार्डावरून पैसे गेले त्याच कार्डावर येतो, ते बंद असेल तर रक्कम बँकेत अडकते आणि सोडवायला आणखी फोन लागतात. तसंच परताव्याची विनंती चालू असताना बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराविरुद्ध तक्रारही टाकू नका. दोन्ही एकदम चालले की कंपनी म्हणते बँकेकडे प्रकरण आहे, बँक म्हणते कंपनीने परतावा कबूल केलाय, आणि तुम्ही मध्ये लटकता.

गाडीत काय दिसतं यावरून निष्कर्ष काढू नका. परतावा मंजूर होऊनही सोय काही काळ तशीच दिसू शकते, कारण बदल गाडीपर्यंत पोचायला गाडी जागी आणि नेटवर्कवर असावी लागते. उलटही होतं, सोय गायब आणि पैसे अजून वाटेत. खरी गोष्ट पावती आणि स्टेटमेंट सांगतं. सोय निघून गेल्यावर ऑटोपायलटच्या सेटिंग्जवर मात्र एकदा नजर टाका, हायवेला लागण्याआधी.

मासिक वर्गणीचं गणित निराळं आहे. अमेरिकेत एफएसडीची वर्गणी जुलै २०२१ मध्ये महिन्याला १९९ डॉलरने सुरू झाली, एप्रिल २०२४ मध्ये ९९ झाली. चुकून वर्गणी लागली तर रद्द केल्याने पुढचा महिना थांबतो. चालू महिन्याचे उरलेल्या दिवसांचे पैसे परत येतील अशी आशा धरू नका. इथे खरी चूक घेण्याची नसून विसरण्याची असते. स्टेटमेंटमध्ये वर्गणीची ओळ चार्जिंगच्या ओळींमध्ये सहज लपते.

४८ तास उलटून गेले असतील तर हक्क संपतो, विनंती उरते. पत्र छोटं लिहा: खरेदीची तारीख आणि वेळ, ऑर्डर क्रमांक, व्हीआयएन, सोय वापरलेली नाही, कळल्याबरोबर लिहिलं. रागाचा परिच्छेद गाळा. ‘माझं खातं हॅक झालं’ असं खोटं लिहू नका. खरेदी तुमच्याच फोनवरून झाली हे त्यांना दिसत असतं, आणि तिथेच विश्वास संपतो.

यापुढे कायदा देशागणिक बदलतो. अमेरिकेत ‘तीन दिवसांत काहीही परत करता येतं’ असा एक लाडका समज आहे, तो तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतही जोरात फिरू शकतो. तो फेडरल नियम घरी येऊन किंवा तात्पुरत्या ठिकाणी केलेल्या विक्रीसाठी आहे, ऑनलाइन खरेदीला लागत नाही. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट कामाचा. चूक ज्या स्टेटमेंटमध्ये पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवायचं, बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग चक्रांत, जास्तीत जास्त ९० दिवसांत, निकाल लावायचा. पण तुमच्याच फोनवरून, तुमच्याच खात्यातून झालेली खरेदी ‘अनधिकृत’ ठरवणं अवघड आहे. कंपनीने परतावा कबूल करून दिला नाही, किंवा एकाच खरेदीचे दोनदा पैसे कापले, तर मात्र हा कायदा खरोखर कामाला येतो.

युरोपात ग्राहकाची बाजू जास्त मजबूत आहे. ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत माघार घेता येते, ब्रिटनमध्येही २०१३ च्या नियमांनी तेच. पण डिजिटल गोष्टींना अपवाद आहे: ‘ताबडतोब चालू करा, माघारीचा हक्क सोडतो’ अशी स्पष्ट संमती दिली असेल तर हक्क जातो. तेव्हा पहिला प्रश्न हा, की ती संमती खरंच घेतली होती का आणि तिची नोंद ईमेलवर दिली का. दुसरा मुद्दा बटणाचा. पैसे लागणार हे बटणावरच कळायला हवं, नाहीतर ग्राहक बांधील राहत नाही. म्हणूनच जर्मन दुकानांच्या वेबसाइटवर ‘त्सालुंग्सफ्लिष्टिग बेष्टेलन’ असं अगडबंब बटण असतं, ‘पैसे देण्याच्या बंधनासह मागणी’. वाचायला जड, पण खिशातल्या खरेदीवर असा जड शब्दच बरा.

भारतात टेस्लाची विक्री जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीतून सुरू झाली. तेव्हा मॉडेल वाय ५९.८९ लाखांपासून होती आणि एफएसडी वर ६ लाख. इथे खिशातून खरेदी होणं मुळात कठीण, कारण देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहाराला ओटीपीसारखा दुसरा घटक लागतोच. वर्गणीच्या ई-मँडेटला, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीला, पहिल्यांदा ओटीपी लागतो, मग १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते आपोआप कापता येतात, पण कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा. तो मेसेज म्हणजे रद्द करण्याची शेवटची खिडकी. धोका आहे तो भारतीय कार्ड परदेशी व्यापाऱ्याकडे जोडलेलं असेल तेव्हा, कारण तिथे ओटीपीशिवाय पैसे जाऊ शकतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवायचं बटण आहे, गरज नसताना ते बंदच असू द्या. आधीच टिक केलेल्या चौकटीमुळे खरेदी झाली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. फसव्या मांडणीविरुद्धची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं नोव्हेंबर २०२३ पासून आहेत, गुपचूप टोपलीत वस्तू टाकणं आणि वर्गणीचा सापळा दोन्ही त्यात नावानिशी येतात.

हे एकट्या टेस्लापुरतं नाही. मर्सिडीजने २०२२ मध्ये अमेरिकेत वर्षाला १,२०० डॉलरला जास्तीचा वेग जाहीर केला. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये आयडी ३ ची जास्तीची ताकद महिन्याला १६.५० पौंड किंवा कायमची ६४९ पौंडांना ठेवली. बीएमडब्ल्यूने गरम सीटची वर्गणी काढली आणि लोकांनी इतकी टर उडवली की २०२३ मध्ये ती सोडून दिली. प्रत्येकाची परताव्याची मुदत वेगळी, ती कार्ड जोडायच्या आधी वाचायची.

पुन्हा होऊ नये म्हणून सगळ्यात उपयोगी गोष्ट फुकट आहे. घरच्यांना स्वतःचा पासवर्ड देऊ नका, अ‍ॅपमधून त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणून जोडा. त्यांना गाडी उघडता येते, एसी लावता येतो, पण अपग्रेड विकत घेता येत नाही. आयओएस १८ पासून अ‍ॅपच्या चिन्हावर दाबून धरलं की त्याला फेस आयडीचं कुलूप लावता येतं. पोराला फोन द्यायचाच असेल तर आयफोनवर गाइडेड अ‍ॅक्सेस, अँड्रॉइडवर अ‍ॅप पिनिंग, म्हणजे तो आपल्या कार्टूनमधून बाहेरच पडणार नाही. चार्जिंगसाठी जोडलेलं कार्ड कमी मर्यादेचं ठेवा. ३०० डॉलरच्या मर्यादेत चार्जिंग आरामात होतं, हजारो डॉलरचा अपग्रेड नाही होत. गाडीतला पिन टु ड्राइव्ह, म्हणजे गाडी चालवण्याआधी पिन मागणारी सोय, चोरासाठी आहे, अ‍ॅपमधल्या खरेदीशी त्याचा संबंध नाही.

परतावा जमा झाला की आकडा जुळवा. जिथे कर लागला असेल तिथे तोही परत आला पाहिजे. भारतीय कार्डावरून डॉलरमध्ये गेले असतील तर जाताना एक दर, येताना दुसरा, आणि बँकेचा फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनावरचं शुल्क) व त्यावरचा जीएसटी बहुधा परत येत नाही. परताव्याचा ईमेल गाडी विकेपर्यंत जपून ठेवा. जाहिरातीत चुकून ‘एफएसडीसह’ लिहिलं गेलं, तर घेणारा व्हीआयएन घेऊन विचारायला येईल.